मेळाव्यातली हगादा

इस्राएलमधल्या आमच्या मराठी मंडळाचा, म्हणजे कोकणातून आलेल्या बेने इस्राएल ज्यूंचा, वर्षातला मोठा मेळावा पेसाह या ज्यू सणाच्या आधी भरायचा, तोही गावच्या वाचनालयात. लोद, अश्दोद, दिमोना, कुठून कुठून ज्येष्ठ मंडळी यायची. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं कानावर पडली की "तुम्ही अलिबागकडचे ना?" सुरू झालंच.

टेबलावर जुनी मराठी पुस्तकं मांडलेली असायची. मुंबईत 1846 साली हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री घरी वाचायचं पुस्तक, मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली होती, तिच्याबद्दल ग्रंथपालबाई भरभरून सांगायच्या. पण सगळ्यांची ओढ पुण्यात 1874 साली छापलेल्या हगादेकडे. मूळ प्रत दुर्मीळ, म्हणून समोर तिची हुबेहूब प्रतिकृती असायची, आणि बरंच होतं ते, कारण तिला हात लावता यायचा. चित्रातल्या लुगडं नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकरी करताना दिसल्या की आज्या खुर्च्या पुढे ओढायच्या. मग 'अनशी ढाकायचा सण' हे पेसाहचं कोकणातलं जुनं नाव निघायचं, आंबट रसाचं भांडं कसं आठ दिवस झाकून ठेवायचे ते. त्यावरून बिरड्याचा सण, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या आठवणीतला उपास, आणि वालाचं बिरडं कोणाच्या हातचं चांगलं, यावर तर अर्धा तास जायचा.

आता मराठी वाचणारे बहुतेक उतारवयातले, नातवंडं हिब्रूत शिकलेली. म्हणूनच या पुस्तकाचं मला फार मोल वाटतं. नातवाने हगादेतला 'मा निश्तना' हा प्रश्न हिब्रूत म्हणायचा आणि आजीने तेच मराठीतून वाचायचं, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? एरवी एकमेकांशी चार वाक्यं धड न बोलणारी ती दोघं एकाच पुस्तकावर वाकलेली असायची.

1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तन सुरू केलं, आब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा साक्या-दिंड्यांत बांधल्या. मेळाव्यात ती पदं वाचायला ज्यांची नजर पोचत नव्हती त्यांना ती पाठ होती. एकीने सूर धरला की बाकीच्या लगेच साथ द्यायच्या.

पुस्तकांजवळ खायला बंदी, त्यामुळे एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन मलिदा अंगणात वाटायचा. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं.

एका वर्षी ग्रंथपालबाईंनी घरातलं जुनं काही असेल तर आणा म्हटलं. पुढच्या मेळाव्याला पिशव्या भरून आल्या: प्रार्थनापुस्तकं, कीर्तनाच्या वह्या, कडेला जन्म-लग्नाच्या तारखा लिहिलेली पानं. त्या दिवशी बाई वही घेऊन बसल्या आणि आमची म्हातारी माणसं त्यांना एकेक नाव लावून देत होती, कोण कोणाचा, कुठल्या गावचा.