अस्वल विहिरीत, चिचुंद्री कोठ्यात

बुलडाण्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांचं. उन्हाळ्यात पाणवठे आटले की ती रात्री शिवारात उतरतात आणि बिनकठड्याच्या विहिरी त्यांचा घात करतात. वन्यजीवांचा डॉक्टर म्हणून मला धास्ती असते ती त्याचीच.

त्या मे महिन्यात बोथ्याकडच्या एका शेतात पहाटे पोचलो. मादी विहिरीच्या कपारीला नखं रोवून बसलेली, चारेक महिन्यांचं पिल्लू तिच्या पाठीवरच्या केसांना घट्ट बिलगलेलं. बेशुद्धीचं इंजेक्शन मी भरलंच नाही. पाण्यावर बसलेल्या जनावराला भूल दिली तर ते बुडतं. दोर बांधून बल्ल्यांची शिडी सोडली, गर्दी पार मागे हटवली, बॅटऱ्या विझवल्या. बऱ्याच वेळानं ती वर आली, पिल्लू पाठीवरच. नाक उंचावून हुंगलं आणि नाल्याकडे निघून गेली. अस्वलाची नजर अधू, सगळी भिस्त नाकावर. वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. तो आवाज लांबवर ऐकू येतो.

उजाडल्यावर शिडी कोठ्यात ठेवायला पोती सरकवली, तर भिंतीच्या कडेनं चिचुंद्री निघाली. तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लानं दातांनी धरलेलं, त्याच्या मागे दुसरं, मग आणखी दोन. आगगाडीच! एका पोरानं काठी उगारली. हाच पोरगा पहाटे अस्वलासाठी जीव तोडून दोर ओढत होता.

मी त्याचा हात धरला. हा उंदीर नव्हे बाबा, म्हटलं, झुरळं-किडे खाणारा जीव आहे. वजन जेमतेम पन्नास ग्रॅम. ती मादी अस्वल हजार पटींहून जड. एवढ्याशा अंगात ऊब टिकत नाही, म्हणून हिला सतत खावं लागतं. उपास हिला फार काळ सोसत नाही. पण डोळे दोघींचे मंद, नाक तिखट, पोट किड्यांवर, आणि पिल्लं सोबत न्यायची दोघींची आपापली रीत. मला तर ही चिमुकली आई त्या अस्वलीइतकीच मोलाची वाटते.

“ज्वारी नासवते का हो डॉक्टरसाहेब?” घरच्या मावशींनी विचारलं.

“सांडलेला भाकरीचा तुकडा खाईल, पण पोती कुरतडणार नाही. वास तेवढा सोसा.”

मावशींनी पोराच्या हातातली काठी काढून घेतली. मग त्यांच्याच ओट्यावर बसून आम्ही विहिरीला कठडा मिळावा म्हणून अर्ज लिहिला, आणि तो पोरगा सरपंचांची सही आणायला धावला.