ओका, याकॉन आणि आमचा हळदीचा वाफा

मुलीकडे न्यूझीलंडला गेलो होतो, तेव्हा जुलैच्या थंडीत तिथल्या भाजीबाजारात बोटाएवढे, लालसर, मेण चोळल्यासारखे चकचकीत आणि आडव्या खाचांचे कंद दिसले. पाटीवर ‘यॅम’ असे लिहिलेले असले तरी आपल्या कोनफळाशी त्यांचे काहीही नाते नव्हते. तो ओका होता. मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा हा कंद १८६० च्या दशकात चिलीहून त्या देशात पोचला. उकडून मीठ लावून खाल्ला, तेव्हा चव बटाट्याची लागली आणि मागून लिंबू पिळल्यासारखा आंबटपणा आला, जो लहानपणी बांधावरची आंबुशी चघळताना जिभेला लागत असे. ओका आंबुशीचाच जवळचा भाऊबंद आहे. त्याची तीन दलांची पानेही तशीच दिसतात. दोन्हींत ऑक्झॅलिक आम्ल असते, म्हणून मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तो बेतानेच खावा.

वसमत तालुक्यातील आमच्या शेतात तीन पिढ्या हळद आहे, त्यामुळे नवा कंद दिसला की बेण्याचा विचार आधी मनात येतो. परंतु परदेशातून बेणे आणायचे तर वनस्पती संगरोधाची, म्हणजे रोग-कीड आत येऊ नये म्हणून होणाऱ्या तपासणीची, परवानगी लागते, आणि पिशवीतून गुपचूप आणलेल्या एका कंदाबरोबर नवा रोग आपल्या मातीत शिरू शकतो. म्हणून मी ओका तिथेच खाल्ला आणि तिथेच सोडून आलो.

आणला असता तरी तो इथे आला नसता, आणि त्याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. ओका दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस बारा तासांच्या आत आला की मगच तो जमिनीत कंद धरू लागतो. इंग्लंडसारख्या देशात सप्टेंबरअखेर दिवस आखडतो खरा, पण कंद पोसण्याआधीच कडाक्याचे दहिवर पडून पाला मरतो. आपल्याकडे हा प्रश्नच नाही, कारण ऑक्टोबरपासून दिवस लहान असतो, डिसेंबरात तो सुमारे ११ तासांवर येतो आणि पाला जाळणारी थंडी वसमतला पडत नाही. अडते ते उष्णतेपाशी. अँडीजमध्ये ओका साधारण २,८०० ते ४,००० मीटर उंचीवर पिकतो आणि २८ अंशांच्या पुढे हे झाड खंगते. आमचे शेत पाचशे मीटरही उंच नाही आणि ऑक्टोबरची दुपार तिशी ओलांडते.

त्या उंचीवरचे शेतकरी ओका, उल्युको आणि माशुआ हे तीन कंद बहुधा बटाट्यानंतरच्या फेरपालटात, पुष्कळदा एकाच वावरात मिसळून लावतात. उल्युको आपल्या मायाळूच्या कुळातला असून त्याची पानेही भाजीला चालतात. माशुआ कच्चा खाल्ला तर मुळ्यासारखा झणझणतो आणि शिजवल्यावर निवळतो. ओक्याचे गोड वाण काही दिवस उन्हात ठेवून मग उकडतात, म्हणजे त्यांची गोडी वाढते. आंबट वाण पाण्यात भिजवून, रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत ठेवून आणि दिवसा वाळवून ‘खाया’ करतात, जो दीर्घकाळ टिकतो. आपण हळद उकडून उन्हात वाळवतो, ते दहिवर आणि ऊन यांना कामाला लावतात.

आमच्या वाफ्यात मात्र याकॉन आला. हाही अँडीजचाच, पण सूर्यफुलाच्या कुळातला आणि दिवसाच्या लांबीबद्दल फारसा हट्ट न धरणारा. पूर्व हिमालयाच्या डोंगरी भागात तो आधीपासून पिकतो, आणि दार्जिलिंगकडील एका परिचित शेतकऱ्याने मला त्याचे गड्डे पाठवले. खायची मुळे वेगळी आणि बेण्याचे गड्डे वेगळे, हे हळद उत्पादकाला समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या वर्षी मी ते काळ्या भारी जमिनीत सपाट लावले आणि ऑगस्टात पाणी साचून सगळे कुजले. दुसऱ्या वर्षी मुरूम मिसळून उंच गादीवाफा केला आणि एरंडाच्या ओळीची सावली दुपारनंतर पडेल अशी जागा निवडली. ऑक्टोबरात पाने रोज माना टाकत, संध्याकाळी पुन्हा उभी राहत. जानेवारीत खणले, तेव्हा दर झाडाला किलोभर मुळे मिळाली. काही उकललेली होती, पण खाण्याजोगी होती.

याकॉन सोलून कच्चाच खावा. तो नाशपातीसारखा रसाळ लागतो, आणि चिरल्यावर काळा पडतो म्हणून वर लगेच लिंबू पिळावे. दही, शेंगदाण्याचे कूट आणि जिऱ्याची फोडणी घालून केलेली त्याची कोशिंबीर आमच्या घरात सर्वांना आवडली. त्यातील गोडी बरीचशी न पचणाऱ्या शर्करेची असते. परंतु तेवढ्यावरून तो मधुमेहावरचा उपाय म्हणून विकला जातो ते मला पटत नाही.

आईने पहिली फोड खाऊन विचारले, “हे उपासाला चालतंय का रे?” मी तिला सांगितले, “आई, तुझ्या उपासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद आणि मिरची, सगळे मुळात दोन्ही अमेरिका खंडांतूनच आलेले आहे.” तिने थोडा वेळ विचार केला आणि महाशिवरात्रीला उकडलेल्या रताळ्याशेजारी याकॉनच्या चार फोडी वाढल्या. बेण्याचे गड्डे सध्या सावलीत ओलसर वाळूत ठेवले आहेत. यंदा एरंडाची ओळ आधीच, मे महिन्यात लावणार आहे.