भेळेचा कोन

धाकटीचे ओठ खेळताना निळसर व्हायचे. सासूबाई म्हणायच्या, "जांभळं खाल्ली असतील." मार्गशीर्षात कुठली जांभळं! पण मीही ते मनावर घेतलं नाही, हे खरं.

अकराव्या वर्षी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी झाली. डॉक्टरबाई स्टेथोस्कोप छातीवरून उचलेचनात. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग एक नाव: एब्स्टाइन. हृदयाच्या उजव्या बाजूची तीन पाकळ्यांची झडप खाली सरकून कप्प्याच्या भिंतीला चिकटलेली. अशुद्ध रक्त उलटं वर जायचं, वरच्या पडद्यातल्या भोकातून पलीकडच्या शुद्ध रक्तात मिसळायचं. म्हणून ते जांभळं.

"आम्ही उशीर केला का हो?" सर्जन नाही म्हणाले. १८६६मध्ये एब्स्टाइन यांनी हा दोष पहिल्यांदा नोंदवला, तो रुग्णच एकोणीस वर्षांचा होता.

मग त्यांनी टेबलावरचा कागद घेतला आणि भेळवाल्यासारखा कोन वळला. पाकळ्या भिंतीपासून सोडवायच्या, फिरवून एकमेकींना शिवायच्या आणि तो कोन झडपेच्या मूळ जागी बसवायचा. ब्राझीलच्या दा सिल्वा यांनी १९९३मध्ये सुरू केलेली पद्धत. झडप तिचीच, त्यामुळे तिच्याबरोबर वाढणारी.

ऑपरेशनचे सात तास मी तो कागद मुठीत धरून बसले होते. चुरगळून गेला.

काल स्टेशनचा जिना ती न थांबता चढली. वरून ओरडली, "आई, तूच दमलीस!" खाली उतरल्यावर भेळ मागितली. प्लेटमध्ये नको म्हणे, कोनातच हवी.