रिव्हरवर आलेली राणी

पोकरमध्ये माझंच नशीब एवढं खराब का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, एरवी सोसायटीत मी हा विषय स्वतःहून काढत नाही. गेल्या रविवारी कट्ट्यावर काकांनी परत विचारलं, "काय रे, तुझंच नशीब एवढं खराब कसं? दर वेळी गोव्याहून आलास की हेच, एक्के होते आणि हरलो. सगळं सेट असतं का तिथे? गुरुबळ कमी पडतंय तुला, पुष्कराज घाल." भोसरीला कंपनीत पण हाच प्रश्न, चहाच्या वेळेला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा येऊन पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं तेव्हापासून तर जास्तच, कारण मोबाईलवर खेळणाऱ्या पोरांना आता गोव्याला जाऊन बघायचंय. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीतच, १९७६ चा कायदा होता पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करायचं ठरलं, म्हणून पुण्यातला माणूस रात्रीची स्लीपर बस पकडतो, सकाळी पणजीला उतरतो आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर चढतो.

आधी सेट असण्याबद्दल. रुलेटला ३७ घरं असतात आणि तुमचा नंबर लागला तर ३५ पट मिळतात, तिथे कॅसिनो तुमच्याविरुद्ध खेळतो आणि तो फरक त्याचा. पोकर टूर्नामेंटमध्ये कॅसिनो खेळतच नाही, एंट्रीतून आपली फी आधीच काढून घेतो आणि उरलेले पैसे खेळणाऱ्यांमध्येच फिरतात, मी जिंकलो काय किंवा समोरचा पोरगा जिंकला काय, कॅसिनोला फरक पडत नाही. मग माझे एक्के पाडण्यात त्याचा काय फायदा, तुम्हीच सांगा.

आता तो हात, म्हणजे डाव, सांगतो, ज्याची गोष्ट काकांनी चार वेळा ऐकलीय. पंधरा जण उरले होते, पैसे चौदा जणांना. म्हणजे अजून एक जण बाहेर पडला की उरलेल्या सगळ्यांचे किमान एंट्रीचे पैसे तरी सुटणार, ह्याला बबल म्हणतात आणि त्या वेळी टेबलावर कोणी बोलत नाही. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मला एक्क्यांची जोडी आली. ही जोडी २२१ हातांत एकदा येते, आणि टेबलावर तासाला २५-३० हात होतात, म्हणजे आठ-नऊ तास बसलात तर साधारण एकदा. मी पैज वाढवली, समोरच्या सुरतच्या पोराने सगळे चिप्स ढकलले, मी कॉल केला, म्हणजे माझेही सगळे लावले, त्याचे चिप्स माझ्यापेक्षा जास्त होते, म्हणजे हरलो तर मी बाहेर. त्याच्याकडे राण्यांची जोडी. पाचात चार वेळा हा हात माझा. मग सगळ्यांची सामायिक पानं टेबलावर उघडतात. फ्लॉपला, म्हणजे पहिली तीन, किलवरची सत्ती, चौकटची दुर्री, इस्पिकचा गुलाम. टर्नला, म्हणजे चौथं पान, बदामची चौकी. आता न दिसलेली ४४ पानं शिल्लक, त्यातल्या दोन राण्या, म्हणजे बावीसात एक. डीलरने बोटाने टेबलावर टकटक केलं, वरचं पान बाजूला सरकवलं आणि पुढचं उलटलं, हे पाचवं आणि शेवटचं, ह्यालाच रिव्हर म्हणतात. बदामची राणी, म्हणजे त्याच्या तीन राण्या माझ्या एक्क्यांच्या जोडीला भारी. पोराने तोंडावर हात धरला, सॉरी म्हणाला, मनापासून म्हणाला. मी उठलो, बाहेर डेकवर जाऊन उभा राहिलो, समोर पणजीचे दिवे दिसत होते आणि डोक्यात फक्त ती राणी.

पुण्याला येईपर्यंत मी तो हात फोनवर तीन मित्रांना सांगितला होता.

पण मी क्वालिटीत आहे, कास्टिंगचं रिजेक्शन मोजणं हे माझं रोजचं काम. शंभरात चार पीस खराब निघणार असं धरलेलं असतं तेव्हा चौथा खराब पीस हातात आला म्हणून कोणी मशीनला शाप लागला म्हणत नाही. म्हणून एक वही केलीय. जेव्हा सगळे चिप्स मध्ये जातात आणि पानं उघडी होतात त्या क्षणी मी किती टक्के पुढे किंवा मागे होतो ते लिहायचं, आणि मग काय झालं ते. चार वर्षं झाली. पाचात चार वेळा जिंकायला हवं अशा ठिकाणी मी ४१ वेळा होतो, त्यातले ३२ हात जिंकलो. हिशोबाने बत्तीस-तेहतीसच यायला हवे होते. मी बराच वेळ ते पान बघत बसलो कारण मला खरंच वाटत होतं की आकडा वीस-बावीस येणार. हरलेले नऊच्या नऊ हात मी पान अन् पान सांगू शकतो, जिंकलेल्या बत्तीसपैकी वही न बघता तीन-चार आठवतात.

मग वाईट नशीब वाटतं ते खोटं का? नाही, खोटं नाहीये, आणि हेच मला काकांना नीट सांगायचंय. टूर्नामेंटमध्ये चिप्स संपले की घरी. एंट्रीची वेळ संपल्यावर परत पैसे भरूनही बसता येत नाही. शेवटपर्यंत पोचायचं तर असे जिवावरचे हात चार-पाच तरी खेळावे लागतात, आणि दर वेळी तुम्ही ८० टक्के पुढे असलात तरी पाचही लागोपाठ जिंकायची शक्यता ३३ टक्क्यांच्या आत येते, कॅलक्युलेटरवर ०.८ पाच वेळा गुणून बघा. म्हणजे एकही चूक न करता तीनातल्या दोन वेळा कुठेतरी मध्येच पडणार. आणि ज्या हातावर पडणार नेमका तोच शेवटचा असणार, त्यानंतर दुसरा हात नाही, म्हणून तोच डोक्यात घेऊन माणूस बसमध्ये बसतो. शंभर जण बसले तर नव्याण्णव जण हरलेल्या हातावरच उठतात. मी वर्षातून दोनदा जातो, सात-आठ टूर्नामेंट होतात, एवढ्याशा खेळात चांगलं-वाईट समसमान व्हायला आयुष्य पुरणार नाही हेही खरं.

मनीमेकरचा हात बघा. पोकरची २००३ ची वर्ल्ड सिरीज, लास वेगास, ८३९ खेळाडू, दहाच उरलेले. क्रिस मनीमेकरकडे एक्का-राणी, फिल आयव्हीकडे नव्व्यांची जोडी. फ्लॉप राणी, राणी, छक्की. टर्नला नव्वी पडली आणि आयव्हीचं फुल हाऊस झालं, तीन नव्व्या आणि दोन राण्या, सगळे चिप्स तिथे मध्ये गेले, आणि रिव्हरला एक्का, म्हणजे मनीमेकरचं त्याहून मोठं फुल हाऊस. आयव्ही दहावा, मनीमेकर पुढे जाऊन जिंकला, २५ लाख डॉलर. आयव्हीच्या नशिबाबद्दल लोक अजून हळहळतात आणि बरोबरच आहे, चिप्स गेले तेव्हा तो खूप पुढे होता. पण त्याच्या आधीचं एकच पान मागे जा. फ्लॉपला मनीमेकरकडे तीन राण्या, आयव्हीला तारणाऱ्या दोनच नव्व्या, आणि त्यातली एक पडली. गोष्ट कुठल्या पानापासून सांगायला घेता त्यावर अभागी कोण ते ठरतं.

आणि हे मी दुसऱ्यांबद्दल बोलतोय असं नको. त्याच दिवशी, राणी पडली त्या दिवशी, दुपारी साडेचारच्या सुमाराला माझ्याकडे दश्श्या होत्या आणि बेळगावच्या एका वयस्कर गृहस्थांकडे गुलामांची जोडी. चिप्स सगळे मध्ये. पाचात एकदा जिंकणार असा हात होता माझा, आणि फ्लॉपलाच चौकटची दश्शी पडली. त्यांनी उठून हात मिळवला, "चांगलं खेळताय" म्हणाले, चष्मा पुसला आणि गेले. मी त्यांच्यापेक्षा वाईट पानांवर चिप्स घातले होते, मी चांगलं खेळलो नव्हतो. ते चिप्स आले नसते तर मी रात्री त्या बबलपर्यंत पोचलोच नसतो, एक्के कुठे आणि राणी कुठे. हा हात मी कोणालाही फोनवर सांगितला नाही. वहीत होता म्हणून सापडला. ते गृहस्थ मात्र रात्री घरी माझ्या दश्शीबद्दलच बोलले असणार.

पैशांचं विचाराल तर वर्षाचे वेगळे काढलेले असतात, संपले की त्या वर्षी जायचं नाही, बायकोला आकडा माहीत असतो. पोरांना एवढं सांगतो की जिंकलात तर सरळ ३० टक्के टॅक्स आणि वर सेस, आणि आधी हरलेलं त्यातून वजा होत नाही, हे धरून मगच बसची तिकिटं काढा. वाईट पानाने खिसा रिकामा होत नाही हो, ते पान भरून काढायला दुसऱ्या दिवशी डबल एंट्री भरली की होतो, हे मी शेजारच्या टेबलांवर इतक्यांदा बघितलंय की त्याचा राग येतो.

काका, पुष्कराज नको. रविवारी वही घेऊन येतो, दश्श्यांचं पान आधी दाखवतो, मग राणीचं.