कुकरचीही पावती लागते

कोलंबस, ओहायोत नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबांना घर लावून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी आधी शनिवारी मदतीला जायचे. पुढे त्यांचं अनुदानाचं काम माझ्याकडे आलं.

सरकारी पैसे माणशी यायचे. २०२१ साली अफगाणिस्तानातून आलेल्यांसाठी ते माणशी २,२७५ डॉलर होते. त्यातले १,२२५ थेट त्या माणसावर खर्च करायचे, १,०५० संस्थेला. घराचं डिपॉझिट, गाद्या, थंडीचे कोट, सगळं त्यातच. मोठं कुटुंब असलं तर निभायचं. एकटा तरुण आला की डिपॉझिटमध्येच पैसे संपायचे.

म्हणून आम्ही मॅचिंग ग्रँटमध्ये उतरलो. १९७९ पासूनची योजना ही. संस्थेने एक डॉलर उभा केला की सरकार दोन घालायचं आणि सरकारी रोख मदत न घेता कुटुंब २४० दिवसांत स्वतःच्या पायावर उभं राहावं, अशी अपेक्षा असायची. आपल्या डॉलरमधला किमान पाचवा हिस्सा रोख लागायचा. बाकीचा वस्तू आणि स्वयंसेवकांचे तास यांतून भरून काढता यायचा. हे कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मराठी मंडळातल्या लोकांची बेसमेंट्स आली. मुलं कॉलेजला गेली की पलंग, टेबलं, भांडी तिथेच पडून असतात.

दोन महिन्यांत त्यांनी दिलेल्या सामानाने खोली भरली. पण त्या सामानाच्या नोंदींचे कागद परत आले. कुणी तारीख घातली नव्हती, कुणी नुसतं ‘किचनचं सामान’ लिहिलं होतं. सोफ्याची किंमत काहींनी विकत घेतानाची लावली होती, तर धरायची असते ती आजच्या बाजारातली, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला जे येतील ते. चूक माझी होती. मी सामान मोजलं, कागद वाचले नाहीत. त्या आठवड्यात मी प्रत्येक घरी पुन्हा गेले, एकेक वस्तू वेगळी लिहिली, सह्या घेतल्या, ती कोणत्या कुटुंबाला गेली तेही नोंदवलं. ज्यांच्याकडे गेले, त्यांतलं कुणीही कुरकुरलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

एक पाच लिटरचा कुकर एका अफगाण बाईंकडे गेला. त्या काही वर्षं पाकिस्तानात राहिल्या होत्या, त्यामुळे माझ्या हिंदीवर आमचं भागायचं. त्यांनी झाकण काढलं, रिंग बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, ‘ये बैठेगी नहीं.’ मी ज्या वस्तूची किंमत बारा डॉलर लिहून मोकळी झाले होते, तिच्यात त्यांचं रात्रीचं जेवण शिजणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी इंडियन ग्रोसरीतून रिंग आणली. तेव्हापासून आमच्याकडे आलेला कुकर पाणी घालून, शिट्टी होईपर्यंत तापवूनच पुढे जातो.

२४ जानेवारी २०२५ ला, शुक्रवारी, सरकारकडून काम थांबवण्याची नोटीस आली. नव्यांचं येणं तर बंद होणारच होतं, पण आधी येऊन पोचलेल्यांवरही, ज्यांचे सरकारी मदतीचे पहिले नव्वद दिवस अजून संपले नव्हते, माणशी येणाऱ्या अनुदानातून खर्च करायचा नाही असा आदेश होता. आमच्याकडे तेव्हा सतरा दिवसांपूर्वी आलेलं एक कुटुंब होतं. फेब्रुवारीचं भाडं द्यायचं होतं. सरकारने बोलावलेल्या माणसांना असं मध्येच सोडणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

मी वह्या काढल्या. ज्या घरांतून मी कधी सह्या घेतल्या होत्या, त्यांची नावं, फोन सगळं त्यात होतंच. शनिवार-रविवार बसून एकेकाला फोन केला. या वेळी सामान नको, भाड्याचे पैसे हवेत, एवढंच सांगितलं. सोमवारी रात्रीपर्यंत दोन महिन्यांचं भाडं जमलं. पहिला चेक कुकर देणाऱ्या काकूंचा होता आणि त्यावर तारीख घातलेली होती.