फर्मा आमचाच होता

धारावीत नव्वद फुटी रस्त्यामागे आमचा माळा आहे. सुरुवातीला शाळेची दप्तरं शिवायचो. कॅमेऱ्याच्या बॅगेकडे आम्हाला वळवलं ते दादरच्या अण्णांनी. लग्नाचे फोटोग्राफर, कॅमेऱ्याच्या दोन बॉडी आणि लांबचं टिपणारी सत्तर-दोनशेची लेन्स घेऊन लोकलने फिरणारे. एकदा त्यांनी कुलूप लावलेली एक बॅग समोर ठेवली, बॉलपेनचं टोक चेनच्या दातांत खुपसलं आणि चेन उघडली. मग दोन्ही रनर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, चेन पुन्हा बंद! कुलूप जागच्या जागी. कॉइलची, म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्याचे दात असलेली चेन कितीही नंबरची (रुंदीची) असू दे, हे होतंच.

त्यावरून आमच्या बॅगेचा फर्मा, म्हणजे कापड बेतायचा साचा, निघाला. मुख्य चेन पाठीकडच्या बाजूला, म्हणजे बॅग अडकवली की ती अंगाखाली दबते. पुढे फक्त पाण्याच्या बाटलीचा कप्पा. कापड १६८० डेनियर (आकडा मोठा तितका धागा जाड), दोरा बाँडेड नायलॉन, म्हणजे लेप दिलेला, पट्ट्याच्या मुळाशी दुहेरी बारटॅक, म्हणजे दाट आडवे टाके. फोम, अस्तर, कापड आणि निवार एकत्र शिवायचं तर साधं मशीन वरचा थर सरकवतं, म्हणून कर्ज काढून वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही सोबत ओढणारं मशीन, घेतलं. त्याचा आवाज अजून तसाच दणदणीत आहे.

फोर्टातल्या एका व्यापाऱ्याला आम्ही माल द्यायचो. त्याने नमुना म्हणून एक बॅग मागितली, उसवली आणि दुसरीकडे तीच शिवून घेतली. ६०० डेनियर, पाच नंबरची चेन, किंमत आमच्यापेक्षा निम्मी. वर ठळक छापलं, ‘चोरांपासून सुरक्षित कॅमेरा बॅग’. अहो, आत कॅमेरा आहे अशी दवंडी पिटल्यावर चोराला आणखी काय हवं? आमची थकबाकी मात्र तशीच. फोन उचलायचा नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली आणि त्याच आठवड्यात गृहस्थ स्वतः माळा चढून आले, पिशवीत पाचशे-हजारच्या जुन्या नोटा. म्हणे, घ्या तुमचा हिशोब पुरा. मी घेतल्या नाहीत. त्या लग्नसराईत फोटोग्राफरांकडेही रोकड नव्हती, कारागीर गावी निघाले, वॉकिंग फूट विकायला काढलं. अण्णांनी ओळखीच्या फोटोग्राफरांकडून चेकने आगाऊ पैसे जमवून दिले, म्हणून मशीन राहिलं. व्यापाऱ्याचा हिशोब आजही माझ्या वहीत उघडा आहे.

नंतरची वर्षं बरी गेली. २०२० च्या टाळेबंदीत लग्नंच थांबली, तेव्हा मास्क शिवले.

बॅग कुणाचीही घ्या, पण उलटी करून आतली शिवण बघा. पट्टा धरून जोरात हिसका द्या, दुकानदार रागावला तर रागावू दे. कॅमेरा कंपनीचं नाव असलेला पट्टा बाहेर लोंबू देऊ नका. गर्दीत बॅग पुढे घ्या, फळीवर टाकून डुलकी काढू नका. उभं राहून चहा पिताना पट्ट्यात एक पाय अडकवा. आणि पावसाळ्यात लेन्स बॅगेतच ठेवून महिनाभर विसरू नका, फोम ओल धरतो, काचेवर बुरशी येते. मग लोक बॅगेला नावं ठेवतात.

लग्नसराईसाठी बॅग हवी असेल तर दिवाळीआधी सांगा. निम्मे पैसे आगाऊ. नमुना उसवायला देत नाही.