पोराला आधी चालायला लावा

माझ्या ओपीडीत लहान मुलांच्या तक्रारींत सर्दी-ताप-जुलाबाच्या मागोमाग कुणाचा नंबर असेल तर "मॅडम, ह्याचे पाय दुखतात" याचा. आणि पुढचं वाक्यही बहुतेक वेळा आईच बोलून टाकते, "कॅल्शियम कमी पडत असेल ना?" खरं सांगू का, त्या वेळी कॅल्शियमचं सिरप लिहून देणं सगळ्यात सोपं असतं, दोन मिनिटांत सगळे खूश. मी नाही लिहीत. म्हणून काही जणी नाराज होतात, "आधीच्या डॉक्टरांनी तर दिलं होतं" असं ऐकवतात. चालायचंच.

बहुतेक वेळा गोष्ट साधी असते. पोरगं ३ ते १२ वर्षांमधलं, दिवसभर हुंदडलेलं, रात्री झोप लागल्यावर रडत उठतं, कधी नडग्या, कधी पोटऱ्या, कधी गुडघ्यांच्या मागं, पण दुखतं दोन्ही पायांत, आई तेल लावून चोळते, ते झोपतं आणि सकाळी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरतं. ह्याला ग्रोइंग पेन्स म्हणतात. तपासून काही सापडत नाही, रक्तात नाही, एक्सरेत पण नाही. चोळायचं, शेकायचं, फारच रडलं तर वजनाच्या हिशोबानं पॅरासिटामॉल. बस. काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी आपोआप थांबतं.

पण आईच्या सांगण्यात एखादी गोष्ट वेगळी आली की मी पेन खाली ठेवते. एकच पाय, रोज तीच जागा. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला, तासाभरानं सुटतो. किंवा दुखऱ्या जागी हातच लावू देत नाही (ग्रोइंग पेन्सवालं पोरगं उलट "अजून चोळ" म्हणतं). किंवा बरेच दिवस बारीक ताप, चेहरा पांढराफटक, कुठं आपटलेलं नसताना अंगावर निळे डाग. ब्लड कॅन्सर कधीकधी सुरुवातीला नुसतं पाय दुखणं म्हणूनच येतो, क्वचित येतो पण येतो, म्हणून अशा पोराची सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, मी लगेच करायला सांगते. आणि घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट असे फिरत सुजणारे सांधे दिसले तर तो र्‍हुमॅटिक फीवर असू शकतो, आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. त्यात सांधे बरे होतात पण हृदयाची झडप कायमची खराब होऊ शकते.

हे सगळं विचारून झालं की मी पोराला चड्डीवर करते आणि दवाखान्याच्या बोळात चालायला लावते. जा, आणि परत ये. आता टाचांवर चाल. आता चवड्यांवर. मग खाली बस आणि हात न टेकता ऊठ. पोरांना मजा वाटते, बाहेरचे पेशंट घड्याळ बघतात. पण आईच्या मांडीवर बसलेल्या पोराकडे बघून जे अर्धा तास कळणार नाही ते इथं पाच-सहा पावलांत कळतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो गुडघा. पोरगं गुडघ्यावर बोट ठेवतं, गुडघ्याचा एक्सरे निघतो, नॉर्मल येतो, क्रेप बँडेज बांधून सगळे घरी. दुखणं असतं खुब्यात! खुब्याला आणि गुडघ्याला जाणारी एक नस सामायिक आहे, त्यामुळं वरचं दुखणं खाली जाणवतं. ४ ते ८ वर्षांचा मुलगा, दुखण्याची फारशी कुरकुर नाही पण लंगडतोय, तर पर्थिस नावाचा आजार असू शकतो, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो ठिसूळ व्हायला लागतो. आणि १०-१२ च्या पुढचा, अंगानं जाडजूड, चालताना पाय बाहेर फेकणारा असेल तर मला जास्त धास्ती वाटते, कारण तिथं तो गोळा वाढीच्या थरावरून सरकत चाललेला असू शकतो. अशा पोराला "दोन दिवस आराम कर, मग बघू" म्हणायचं नाही, पाय टेकवू न देता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे. माझं तर ठाम मत आहे की पोराचा गुडघा दुखतोय आणि खुबा फिरवून बघितलेला नाही तर तपासणी झालीच नाही.

अचानक लंगडणं हा वेगळाच विषय. सर्दी होऊन आठवडा झालेला, सकाळी उठलं ते लंगडतच, पण खातंय-पितंय, ताप नाही किंवा अगदी बारीक. हे बहुतेक वेळा खुब्याची तात्पुरती सूज निघते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. ह्याचाच वाईट जुळा भाऊ म्हणजे सांध्यात पू होणं, त्यात दिवस घालवला तर कूर्चा खलास होते. दोन्ही ओळखायला बोस्टनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये चार खुणा मांडल्या, १०१ च्या वर ताप, पायावर भार न देणं, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४० च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. यातल्या पहिल्या दोन खुणांना लॅब लागत नाही, रविवारी रात्री घरीसुद्धा कळतात. जोरात ताप आहे आणि पाय टेकवतच नाही तर सोमवारची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात.

आता जरा बरं वाटणारी केस. एक ते चार वर्षांचं बाळ, रस्ता ओलांडताना कुणीतरी हात ओढला किंवा मामानं दोन्ही हात धरून गरागरा फिरवलं, आणि तेव्हापासून हात लुळा लोंबतोय. घरचे म्हणतात हात उखळला. कोपरातल्या हाडाच्या डोक्याभोवतीचं कडं जरा सरकलेलं असतं, हात ठरावीक पद्धतीनं वळवला की बारीकसा टक् होतो, बाळ एकदा जोरात रडतं आणि थोड्या वेळानं त्याच हातानं बिस्किट घेतं. डॉक्टरला एवढा मान दुसऱ्या कुठल्या केसमध्ये मिळत नाही.

पण पोरगं पडलेलं असेल आणि कोपर सुजलं असेल तर ते वळवायचं नाही, चोळायचं तर अजिबात नाही. संक्रांतीच्या आसपास गच्चीवरून पतंगामागं धावणारी पोरं अशी येतात, आणि काही आधी हाडवैद्याकडे जाऊन येतात. लोक तिथं का जातात ते मला कळतं, तो जवळ असतो, रविवारी भेटतो, पैसे कमी घेतो. पण कोपराच्या फ्रॅक्चरवर मालिश केलं तर स्नायूत हाड धरून हात कायमचा आखडू शकतो, आणि बांबूच्या पट्ट्या घट्ट बसल्या तर रक्त अडून बोटं वाकडीच राहू शकतात. बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली, बोट सरळ करताना पोरगं किंचाळलं, तर पट्टी कुणीही बांधलेली असो, लगेच सोडायची आणि निघायचं. आमचं प्लास्टर असलं तर ते घरी सोडत बसायचं नाही, प्लास्टरसकट तसंच लगेच हॉस्पिटल गाठायचं.

फेंगडे पाय आणि सपाट तळव्यांवर फार नाही लिहीत. दोन वर्षांपर्यंत पाय बाहेरून वाकलेले, तीन-चारला गुडघे एकमेकांना घासणारे, सातपर्यंत बरेचसे सरळ, हा निसर्गाचा क्रम आहे. चवड्यांवर उभं केल्यावर तळव्याची कमान दिसली की प्रश्न मिटला. महागडे बूट नकोत, अमेरिकेत सपाट तळव्यांच्या काही मुलांना तीन वर्षं असे बूट घालून बघितले, १९८९ मध्ये निकाल छापून आला, बूट न घातलेल्या मुलांचे पायही तितकेच सुधारले होते. एकच पाय वाकडा, उंची खुंटलेली किंवा मनगटं रुंद झालेली असतील तर मात्र मुडदूस किंवा दुसरं काही आहे का ते बघावं लागतं.

जी अजून चालतच नाहीत त्यांचे खुबे मी लसीच्या वेळी तपासते, विशेषतः पायाळू जन्मलेल्या मुलींचे. आज्यांना एकच विनंती, पाय सरळ व्हावेत म्हणून दुपट्यात ते ताणून घट्ट बांधू नका. कडेवर घ्या, त्यात मांड्या फाकलेल्या राहतात, खुब्याला तेच हवं असतं.

आणि जन्मतः पाऊल आत वळलेलं असेल तर आईनं ग्रहणात काय केलं याची चौकशी बंद करा, त्याचा काही संबंध नाही. पॉन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला एकेक करत पाच-सहा प्लास्टरं, बऱ्याचदा टाचेमागच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) छोटा छेद, आणि पाऊल सरळ. २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे, अंगणवाडीत येणाऱ्या टीमला किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. त्यानंतरचे मधे पट्टीनं जोडलेले बूट मात्र चौथ्या वर्षापर्यंत रोज रात्री घालावे लागतात, आणि पाऊल सरळ दिसायला लागलं की नेमके तेच माळ्यावर जातात.